मॉल्डनच्या आधीची पस्तीस वर्षं: एसेक्सचा एल्डरमन बर्टनॉथ

अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त म्हणजे जुन्या इंग्लंडची वर्षवार बखर. तिच्यात ९९१ सालची नोंद जेमतेम चार वाक्यांची आहे. इप्सविच लुटलं गेलं. त्यानंतर लवकरच एसेक्सचा एल्डरमन, म्हणजे राजाने नेमलेला प्रांताधिकारी, बर्टनॉथ मॉल्डनला मारला गेला. डेन लोकांनी, म्हणजे समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लुटारूंनी, किनाऱ्यावर माजवलेल्या दहशतीमुळे त्यांना खंडणी द्यावी असं त्याच वर्षी पहिल्यांदा ठरलं, आणि ती रक्कम होती १०,००० पौंड. हा सल्ला आर्चबिशप सिगेरिकने दिला.

नोंद लिहिणारा कुठेही हळहळत नाही. तरीही या वाक्यांचा क्रम बोलका आहे. एक माणूस पडतो आणि लगेच पुढच्या वाक्यात राज्याचं धोरण बदलतं. मॉल्डनच्या लढाईपर्यंत आज बहुतेक वाचक पोचतात ते तिच्यावर रचलेल्या जुन्या इंग्रजी काव्यातून. त्यामुळे बर्टनॉथ म्हटलं की खाडीच्या काठावर पाय रोवून उभा राहिलेला, पांढऱ्या केसांचा, जरा हट्टी योद्धा डोळ्यांपुढे येतो. तो तसा असेलही. पण त्या दिवशी तो जसा वागला त्याचा उलगडा काव्यात पुरता होत नाही. त्यासाठी आधीची पस्तीस वर्षं पाहावी लागतात. त्या वर्षांत तो लढवय्या म्हणून कमी आणि कारभारी म्हणून जास्त दिसतो.

एसेक्स म्हणजे पूर्व सॅक्सनांचा मुलूख. लंडनच्या पूर्वेला टेम्सच्या मुखापासून उत्तरेकडे पसरलेला, खाड्या, दलदली आणि बेटांनी कातरलेला किनारा. कधीकाळी हे स्वतंत्र राज्य होतं. ८२५ च्या सुमारास ते वेसेक्स या पश्चिमेकडच्या राज्याच्या अमलाखाली गेलं, नंतर डेन आक्रमकांच्या हाती पडलं, आणि दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचा मुलगा एडवर्ड याने ते परत घेतलं. ९१६ साली एडवर्डने मॉल्डनला तटबंदी उभारली. दुसऱ्याच वर्षी मोठ्या डेन फौजेने तिला वेढा घातला, तेव्हा आतल्या लोकांनी मदत येईपर्यंत तट सोडला नाही आणि वेढा मोडला. म्हणजे बर्टनॉथच्या आजोबांच्या पिढीला मॉल्डन हे नाव ठाऊक होतं ते डेन लोकांना परतवलेलं ठाणं म्हणून. पुढे तिथे राजाची टांकसाळही चालत होती. लुटारूंना अशा गावाचं आकर्षण का वाटावं, हे वेगळं सांगायला नको.

राज्यं विलीन झाली तरी प्रांत उरले, आणि प्रांतावर राजाने नेमलेला अधिकारी म्हणजे एल्डरमन. आपल्याकडच्या सुभेदाराशी त्याचं थोडंफार साम्य होतं, पण त्याच्या हाती कामं अनेक असत. राजा एडगरच्या कायद्यानुसार प्रत्येक शायरची, म्हणजे जिल्ह्याची, सभा वर्षातून दोनदा भरायची, आणि तिथे बिशप व एल्डरमन दोघांनी हजर राहून एकाने धर्माचा आणि दुसऱ्याने राज्याचा कायदा सांगायचा. जमिनीचे तंटे, वारसाहक्क, चोरीचे आळ, साक्षी-शपथा हे सगळं तिथे निकालात निघे. राजाच्या दरबारात सल्लागार म्हणून बसायचं, दानपत्रांवर साक्षीदार म्हणून नाव लावायचं, आणि संकट आलं की प्रांतातल्या लोकांची फौज, म्हणजे फर्ड, घेऊन स्वतः पुढे उभं राहायचं. किनाऱ्याच्या प्रांतात या शेवटच्या कामाला सर्वांत जास्त वजन होतं.

बर्टनॉथला हे पद ९५६ साली राजा एडविगने दिलं. बापाचं नाव बर्टहेल्म, हे काव्यातूनच कळतं. घरचा मान असणारच, पण एसेक्समध्ये त्याचे पाय घट्ट रोवले गेले ते लग्नामुळे. त्याची बायको एल्फ्लॅड ही एल्फगारची धाकटी मुलगी. एल्फगार हा एसेक्सचा आधीचा एल्डरमन, सफोक आणि एसेक्समधला मोठा जमीनदार. त्याची थोरली मुलगी एथेलफ्लॅड राजा एडमंडची दुसरी राणी होती. ९४६ मध्ये एडमंडचा खून झाला आणि ती विधवा झाली. म्हणजे बर्टनॉथची मेहुणी ही राणी, आणि सासरा त्याच्याच पदावर बसून गेलेला.

या घराण्याचं भाग्य असं की बाप आणि दोन्ही मुली, तिघांची मृत्युपत्रं टिकली आहेत. दहाव्या शतकातल्या इंग्लंडबद्दल इतकं घरगुती, इतकं जवळचं काही क्वचितच वाचायला मिळतं. एल्फगार आपल्या मृत्युपत्रात राजाला द्यायच्या वस्तू मोजतो: म्यानांसह दोन तलवारी, प्रत्येकी ५० मँकस सोन्याची दोन कडी, तीन घोडे, तीन ढाली, तीन भाले. मँकस म्हणजे ३० चांदीच्या पेन्यांच्या किमतीचं सोनं. शिवाय एक जुनी हकिगत तो नोंदवतो. राजा एडमंडने त्याला एक तलवार दिली होती, किंमत १२० मँकस सोनं, म्यानावर चार पौंड चांदी. ती तलवार आपण आपल्या धन्याला परत दिली आणि त्या बदल्यात मृत्युपत्र करण्याचा हक्क मिळवला, असं तो सांगतो.

ही देणी नुसती भेट नव्हती. राजाने सरदाराला शस्त्रं द्यायची, आणि सरदार मेला की ती शस्त्रं किंवा तितक्या तोलामोलाची दुसरी राजाकडे परत जायची, अशी रीत होती. राजाचं कडं हातात घातलं म्हणजे वेळ येईल तेव्हा त्याच्यासाठी हत्यार उचलायचं. मॉल्डनच्या काठावर बर्टनॉथ व्हायकिंग दूताला जे उत्तर देतो त्यात याच देण्याचा उल्लेख येतो. त्याकडे आपण येऊच.

एडविगने नेमलेला हा माणूस वर्षभरातच वेगळ्या राजाच्या पदरी आला. ९५७ मध्ये टेम्स नदी सीमा धरून राज्य दोन भावांत विभागलं गेलं, आणि उत्तरेकडचा भाग धाकट्या एडगरकडे गेला. एसेक्सही तिकडेच. ९५९ मध्ये एडविग वारला आणि एडगर साऱ्या इंग्लंडचा राजा झाला. या उलथापालथीत बर्टनॉथने पद टिकवलं. एडगरच्या सोळा वर्षांच्या राज्यात तर तो दरबारातल्या कायमच्या माणसांपैकी एक झाला. दानपत्रांच्या तळाशी वर्षामागून वर्ष त्याचं नाव येत राहतं आणि हळूहळू यादीत वर सरकत जातं. कंटाळवाण्या वाटणाऱ्या या याद्यांतूनच त्या काळच्या सत्तेची उतरंड अभ्यासकांना वाचता येते. कोण राजाजवळ, कोण दूर, कोण अचानक गायब झालं, हे सगळं तिथे दिसतं.

त्याच्या बरोबरीची मोठी माणसं दोन. मध्य इंग्लंडमधल्या मर्सियाचा एल्फहेअर, हाही ९५६ चाच एल्डरमन. आणि ईस्ट अँग्लियाचा एथेलविन, ज्याच्या बापाची सत्ता एवढी होती की लोक त्याला ‘अर्धा राजा’ म्हणत. एडगर जिवंत होता तोवर या बड्यांमधली चुरस दबून राहिली. ९७५ च्या जुलैमध्ये तो वारला, वय अवघं बत्तीसच्या आसपास. मागे दोन मुलगे, दोन वेगळ्या आयांचे, दोन्ही अजाण. त्या साली आकाशात धूमकेतू दिसल्याची नोंद आहे आणि पुढच्या वर्षी मोठा दुष्काळ पडल्याचीही.

वादाला तोंड फुटलं ते मठांवरून. एडगरने बिशप एथेलवोल्ड, ओस्वाल्ड आणि आर्चबिशप डन्स्टन यांच्या साथीने बेनेडिक्टाइन मठांचं पुनरुज्जीवन केलं होतं. ईली, रॅमसे, पीटरबरो हे मठ त्यातलेच. त्यांच्याकडे जमिनी आल्या त्या कुणाच्या तरी हातून गेल्या होत्या, कधी विकत, कधी दाबाखाली. राजा गेल्याबरोबर ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या त्यांनी उचल खाल्ली. मर्सियात एल्फहेअर मठांच्या विरोधात उभा राहिला, भिक्षूंना बाहेर काढलं गेलं. पूर्वेकडे एथेलविन, त्याचा भाऊ एल्फवोल्ड आणि बर्टनॉथ हे तिघं मठांच्या बाजूने उभे राहिले. रॅमसेचा भिक्षू बर्टफर्थ याने ओस्वाल्डच्या चरित्रात हे लिहून ठेवलं आहे, आणि बर्टनॉथ धर्मनिष्ठ होता असं तो आवर्जून सांगतो. भिक्षूंनी आपल्या पाठीराख्याची स्तुती करावी हे साहजिक आहे. मात्र इथे नुसती श्रद्धा नव्हती. राजाने दिलेलं दान राजा मेल्यावर हिसकावता आलं, तर उद्या कुठलंच दानपत्र सुरक्षित राहणार नाही. ज्याचं आयुष्य शायरच्या सभेत दानपत्रं आणि शपथा ऐकण्यात गेलं त्याला हे नक्कीच कळत होतं.

९७८ मध्ये एडगरचा थोरला मुलगा, राजा एडवर्ड, कॉर्फ इथे मारला गेला. गादीवर आला एथेलरेड, दहा-बारा वर्षांचा पोर. खुनाचा डाग त्याच्या राज्यावर पहिल्या दिवसापासून होता. दोनच वर्षांनी, ९८० मध्ये, साउथॅम्प्टन लुटलं गेलं, आणि जवळपास पिढीभर शांत असलेल्या किनाऱ्यावर पुन्हा लांबट जहाजं दिसू लागली. डेव्हन, कॉर्नवॉल, डॉर्सेट. ९८८ मध्ये वॉचेट. सुरुवातीच्या टोळ्या लहान होत्या. स्थानिक फौजांनी काहींना पिटाळलंही. दरम्यान जुनी खोडं एकेक करून पडत होती. ९८३ मध्ये एल्फहेअर, ९८४ मध्ये एथेलवोल्ड, ९८८ मध्ये डन्स्टन. एल्फहेअरनंतर दानपत्रांवर एल्डरमनांमध्ये एथेलविन पहिला आणि बर्टनॉथ दुसरा. ज्याने राज्याच्या वाटण्यांपासून खुनापर्यंत सगळं पाहिलं होतं, असा साठीच्या आसपासचा माणूस, आणि राजा पंचविशीच्या आतला.

९९१ च्या उन्हाळ्यात आलेलं आरमार मात्र लहान टोळी नव्हतं. इतिवृत्ताच्या एका प्रतीत ९३ जहाजांचा आणि नॉर्वेच्या ओलाफ ट्रिग्व्हासनचा उल्लेख आहे. तिथे ९९१ आणि ९९४ च्या मोहिमांची सरमिसळ झालेली दिसते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा मॉल्डनला चिकटवू नये. पण केंटचा किनारा, मग इप्सविच, मग मॉल्डन अशी ही मोहीम होती. समुद्रावर त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. कुठे उतरायचं, कधी निघायचं, हे तेच ठरवत होते.

ऑगस्टच्या १० किंवा ११ तारखेला ते ब्लॅकवॉटर नदीच्या खाडीत होते. काव्य तिला तिच्या जुन्या नावाने, पांटा म्हणून ओळखतं. बहुतेक अभ्यासक जागा म्हणून मॉल्डनच्या खाली असलेल्या नॉर्दी बेटाकडे बोट दाखवतात. हे बेट मुख्य भूमीला एका अरुंद वाटेने जोडलेलं आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडी पडते. आजही तसंच होतं. व्हायकिंग बेटावर, बर्टनॉथची फौज काठावर, मधे पाणी.

काव्याचा आरंभ हरवला आहे, पण उरलेला भाग सुरू होतो तेव्हा बर्टनॉथ माणसांना घोडे सोडून द्यायला सांगतो आहे. पळायचं साधन नको, एवढा त्याचा अर्थ. ऑफा नावाच्या सरदाराचा तरुण नातलग हातावरचा लाडका ससाणा रानाकडे उडवून देतो, आणि त्यावरून कळतं की हा पोरगा आता माघार घेणार नाही. बर्टनॉथ घोड्यावरून रांगेपुढून फिरतो, ढाली कशा धरायच्या ते सांगतो, घाबरू नका म्हणतो. यातले बरेच जण शिपाई नाहीत, शेतकरी आहेत. सगळं मार्गी लागल्यावर तो खाली उतरतो आणि आपल्या खास माणसांत जाऊन उभा राहतो.

पलीकडून दूत ओरडून सांगतो: सोनं पाठवा, म्हणजे आम्ही जहाजांवर चढून निघून जातो. उगाच मारामारी कशाला. बर्टनॉथ ढाल उंचावतो. त्याच्या उत्तराचा आशय असा: हे लोक काय म्हणतात ऐकलंस ना? ते तुम्हाला खंडणी देतील ती भाल्यांची, विषारी टोकांची आणि जुन्या तलवारींची. असली देणी लढाईत तुमच्या कामी यायची नाहीत. इथे एक बेदाग सरदार आपल्या माणसांसह उभा आहे. तो हा मुलूख राखणार, माझा धनी एथेलरेड याची भूमी, त्याची रयत आणि त्याची जमीन.

दूताने मागितलेलं सोनं आणि बर्टनॉथने देऊ केलेली शस्त्रं हा नुसता शब्दांचा खेळ नाही. शस्त्रं आणि कडी राजाची असतात, ती राजालाच परत जातात, हा व्यवहार त्या काठावरच्या प्रत्येक सरदाराला पाठ होता. एल्फगारच्या मृत्युपत्रातली ती यादी आठवली की ही ओळ किती सणसणीत आहे ते कळतं. जे राजाच्या खजिन्यात जायचं ते परक्या दरोडेखोराच्या हातावर ठेवणं म्हणजे पद सोडण्यासारखंच होतं.

ओहोटी झाली आणि वाट उघडी पडली. वुल्फस्तान, एल्फहेअर आणि माक्कस या तिघांनी ती अरुंद वाट अडवून धरली. (हा एल्फहेअर मर्सियाचा नव्हे.) इतकी चोख की व्हायकिंगांनी अखेर विनंती केली, आम्हाला पलीकडे येऊ द्या, तिथे लढू. आणि बर्टनॉथने येऊ दिलं.

हजार वर्षं या निर्णयावर वाद चालला आहे. कवी स्वतः म्हणतो की त्याने अतिरेकी अभिमानापोटी त्या हाडवैऱ्यांना फार जागा दिली. कवी त्याच्या बाजूचा आहे, म्हणून हा ठपका जास्त लागतो. तरी मला तो पुरता पटत नाही. बर्टनॉथपुढे खरा पर्याय काय होता? वाट अडवून धरली असती तर भरतीबरोबर जहाजं निघून गेली असती, आणि दोन दिवसांनी केंटमध्ये, चार दिवसांनी सफोकमध्ये आणखी एक गाव जळलं असतं. पायी आणि घोड्यावरून चालणारी फौज जहाजांचा पाठलाग करू शकत नाही. इप्सविच नुकतंच गेलं होतं. शत्रू एका ठिकाणी, हाताच्या अंतरावर सापडला होता, आणि तो लढायला तयार होता. किनाऱ्याच्या एल्डरमनला अशी संधी वर्षानुवर्षं मिळत नसे. बर्टफर्थ लिहितो की त्या दिवशी डेन इतके पडले की उरलेल्यांना जहाजांवर पुरेशी माणसं चढवणं कठीण गेलं. भिक्षूचं लिहिणं थोडं वाढवून असेल, पण निर्णय अगदीच वेडेपणाचा नव्हता इतकं त्यातून दिसतं. चूक असलीच तर त्यांना लढायला बोलावण्यात नव्हती, किती जणांना एकदम पार होऊ द्यायचं याच्या हिशेबात असावी.

पुढचं काव्यात तपशिलात आहे. भाल्याने तो जखमी होतो, भाला फेकणाऱ्याला मारतो, दुसऱ्यालाही मारतो आणि हसून देवाचे आभार मानतो. मग आणखी एक भाला अंगात शिरतो. बाजूला उभा असलेला वुल्फमॅर नावाचा कोवळा पोरगा तो उपसून उलट फेकतो. कुणी तरी त्याची कडी, चिलखत, नक्षीची तलवार लुटायला पुढे येतं. तो तलवार उपसतो, पण हातावर वार बसतो आणि सोनेरी मुठीची तलवार जमिनीवर पडते. उभं राहवत नाही तेव्हा तो वर पाहून देवाकडे आपल्या आत्म्यासाठी शांत वाट मागतो, आणि धारातीर्थी पडतो. बर्टफर्थच्या आठवणीत तो उंचापुरा, हंसासारखे पांढरे केस असलेला, डावीउजवीकडे वार करणारा आहे.

तो पडल्यावर ओड्डाचा मुलगा गोड्रिक पळाला, तोही आपल्या धन्याच्या घोड्यावर बसून, ज्या धन्याने त्याला कितीतरी घोडे दिले होते. दुरून पाहणाऱ्यांना वाटलं खुद्द बर्टनॉथच निघाला, आणि फळी फुटली. मग राहिलेले एकेक जण बोलतात आणि लढत मरतात. मर्सियाच्या एल्डरमन एल्हेल्मचा नातू एल्फविन. लिओफसुनू, ज्याला गावी परतल्यावर लोकांनी बोट दाखवलेलं नको आहे. नॉर्थंब्रियाहून ओलीस म्हणून आलेला एश्फर्थ, ज्याची ही लढाई नव्हतीच, तरी बाण संपेपर्यंत तो सोडत राहतो. डनेरे, साधा शेतकरी. आणि म्हातारा बर्टवोल्ड, ज्याच्या तोंडच्या ओळी आजही शाळांतून शिकवल्या जातात: बळ ओसरेल तसा निश्चय कठीण व्हावा, काळीज तीव्र व्हावं, हिंमत वाढावी. एसेक्सचा रहिवासी, मर्सियाचा उमराव, उत्तरेचा ओलीस, साधा शेतकरी, सगळे एका एल्डरमनभोवती. कवीने ही निवड जाणूनबुजून केली असणार. इंग्लंड नावाचं एक राज्य होऊ शकतं हे त्या काळी अजून नवं होतं, आणि मॉल्डनच्या रांगेत त्याने ते उभं केलं.

व्हायकिंगांपैकी मात्र एकाचंही नाव काव्यात नाही.

त्यानंतर आली खंडणी. पहिल्या वर्षीचे १०,००० पौंड म्हणजे २४ लाख चांदीच्या पेन्या. सल्ला देणारा सिगेरिक तोच, ज्याच्या रोमहून परतीच्या प्रवासातल्या मुक्कामांची यादी आजही यात्रेकरू वापरतात. त्याला एकट्याला दोष देणं मला योग्य वाटत नाही. मोठा प्रांत सेनापतीविना होता, कापणीचे दिवस होते, आणि शत्रू अजून खाडीत होता. पण एकदा दिलं की पुन्हा मागितलं जातं. ९९४ मध्ये लंडनवर हल्ला झाला आणि १६,००० पौंड दिले गेले. ओलाफ, योस्टेन आणि गुथमुंड यांच्याशी झालेल्या तहाच्या मजकुरात २२,००० पौंड सोनं-चांदीचा उल्लेख आहे. १००२ मध्ये २४,०००. १०१२ मध्ये ४८,०००. १०१८ मध्ये, डेन राजा क्नूट गादीवर बसल्यावर, ७२,००० आणि लंडनकडून वेगळे १०,५००. एथेलरेडच्या काळच्या इंग्रजी नाण्यांचे मोठे साठे आज स्वीडनच्या मातीत सापडतात ते याच पैशांमुळे.

याला फौजेची कमतरता हे एकच कारण नव्हतं. ९९२ मध्ये हॅम्पशायरचा एल्डरमन एल्फ्रिक आरमार घेऊन निघाला आणि आदल्या रात्री त्याने शत्रूलाच खबर दिली, असं इतिवृत्त सांगतं. पुढच्या वर्षी राजाने त्याच्या मुलाचे डोळे काढले. त्याच ९९२ मध्ये एथेलविन आणि ओस्वाल्ड वारले. एसेक्सवर बर्टनॉथच्या जागी लिओफसिगे आला. १००२ ची खंडणी ठरवायला राजाने पाठवला तो हाच, आणि त्याच वर्षी राजाच्या कारभाऱ्याचा खून केल्याबद्दल तो हद्दपार झाला. ज्या काठावर ‘भाल्यांची खंडणी घ्या’ असं सांगितलं गेलं, त्याच प्रांताचा एल्डरमन अकरा वर्षांनी शत्रूच्या तळावर रक्कम ठरवत होता. पस्तीस वर्षं एकाच माणसाने एक प्रांत, एक किनारा आणि दरबारातली एक बाजू सांभाळली, की तो गेल्यावर किती पोकळी होते, ते इथे दिसतं.

बर्टनॉथचा देह ईलीच्या मठात नेण्यात आला. शत्रूने डोकं कापून नेलं होतं, म्हणून भिक्षूंनी मेणाचा गोळा करून डोक्याच्या जागी ठेवला आणि त्याला पुरलं. हे बाराव्या शतकातल्या ईलीच्या बखरीत आहे. तीच बखर आणखी एक गोष्ट सांगते. लढाईला जाताना तो आधी रॅमसेला गेला, तिथे मठाधिपतीने त्याला आणि मोजक्या सात जणांना जेवण देऊ केलं, तेव्हा ‘मी एकटा लढू शकत नाही, तसा एकटा जेवणारही नाही’ असं म्हणून तो ईलीला आला, जिथे सगळ्यांना पोटभर वाढलं गेलं, आणि त्याने मठाला जमिनी दिल्या. ईली आणि रॅमसे हे प्रतिस्पर्धी मठ, त्यामुळे ही गोष्ट त्या नजरेनेच वाचावी. पण जमिनी दिल्या गेल्या हे खरं, कारण एल्फ्लॅडचं मृत्युपत्र त्याला साक्ष आहे.

हे मृत्युपत्र १००० च्या थोडं नंतरचं. नवऱ्यामागे ती साधारण दहा वर्षं जगली होती. त्यात कुठे लेकराबाळांचं नाव येत नाही. ती राजाला विनवते की स्टोक इथल्या, माझे पूर्वज जिथे पुरले आहेत त्या, मठाला सांभाळा. ईलीला ती जमिनी देते: रेटेंडन, जी लग्नात नवऱ्याने तिला दिली होती, सोहम आणि डिटन, नवरा आणि बहीण यांनी कबूल केल्याप्रमाणे. आणि एक कडं, नवऱ्याच्या दफनाच्या वेळी मठाला दिलेल्या कड्याचा जोड.

ईलीच्या बखरीनुसार तिने मठाला एक पडदाही दिला होता, त्यावर नवऱ्याचे पराक्रम काढलेले होते. तो टिकला नाही. फ्रान्समधल्या बायो गावच्या प्रसिद्ध भरतकामाआधी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं हे काम. त्यात मॉल्डन होतं का, की शायरच्या सभा आणि मठांचे वादही होते, हे पाहायला मिळालं असतं तर बर्टनॉथची दुसरी बाजू कदाचित त्याच्या बायकोच्या नजरेतून दिसली असती.

हाडं बाराव्या शतकात इतर उपकारकर्त्यांबरोबर हलवली गेली. १७६९ मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा एका सांगाड्याला कवटी नव्हती, आणि हाडांवरून तो माणूस सहा फुटांहून बराच उंच असावा असा अंदाज निघाला. आज ती ईलीच्या कॅथीड्रलमधल्या बिशप वेस्टच्या चॅपलमध्ये आहेत. मॉल्डनच्या समुद्रकाठी २००६ मध्ये शिल्पकार जॉन डबलडे यांनी केलेला पुतळा उभा राहिला, तलवार खाडीकडे उगारलेला.

काव्य मात्र थोडक्यात बचावलं. ते एकाच हस्तलिखितात होतं, सर रॉबर्ट कॉटन यांच्या संग्रहात. त्याची सुरुवात आणि शेवट तेव्हाच गहाळ होते. अठराव्या शतकात डेव्हिड कॅसली यांनी त्याची नक्कल केली आणि १७२६ मध्ये टॉमस हर्न यांनी ती छापली. १७३१ मध्ये लंडनच्या ॲशबर्नहॅम हाउसला लागलेल्या आगीत मूळ पानं जळाली. उरलेल्या ३२५ ओळी याच नकलेमुळे आपल्यापर्यंत आल्या. शेवटच्या ओळीत आणखी एक गोड्रिक, एथेलगारचा मुलगा, भाले फेकत पुढे सरकतो आहे, आणि कवी मुद्दाम बजावतो की लढाईतून पळाला तो गोड्रिक हा नव्हे.